रविवारचा क्रिकेट सामना : सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी ७ वाजता चिमणबाग मैदानावर शहरातल्या दृष्टिहीन तरुण-तरुणींचा क्रिकेट सामना आहे. आपल्या मंडळाने मैदानावरच्या मदतीची जबाबदारी घेतली आहे. स्वयंसेवकांनी ६.१५ ला हजर राहावे.

सामना बघताना एक गोष्ट कटाक्षाने पाळायची आहे: शांतता. चेंडू प्लास्टिकचा असतो, आत छर्रे असतात आणि त्यांच्या खुळखुळण्यावरच फलंदाज चेंडूचा अंदाज घेतो. गोलंदाज ‘रेडी?’ विचारतो, फलंदाजाने होकार दिला की ‘प्ले’ म्हणून खालून चेंडू टाकतो. तिथून चेंडू थांबेपर्यंत टाळ्या, शिट्ट्या, गप्पा बंद. मोबाइल सायलेंटवर. चौकार गेल्यावर मात्र मनसोक्त ओरडा!

गुणफलक सांभाळणाऱ्यांनी लक्षात ठेवावे: ११ जणांत किमान ४ खेळाडू पूर्ण अंध, म्हणजे बी-१ गटातले असतात. त्यांच्या बॅटमधून आलेल्या धावा दुप्पट धरायच्या. एक टप्पा पडल्यावर बी-१ खेळाडूने पकडलेला झेलही ग्राह्य.

आणखी काही:
• कुणाचा हात धरून ओढू नका. आधी आपले नाव सांगा, मदत हवी का विचारा, मग आपला कोपर पुढे करा.
• बॅगा, पाण्याचे कॅन वाटेत नकोत.
• ‘बिचारे’ हा शब्द मैदानावर नको. ही मुले नोकरी-कॉलेज सांभाळून सराव करतात, त्यांच्या खेळाला दाद द्या.

सामन्यानंतर सर्वांसाठी पोहे-जिलबी आहे. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत चिटणीसांकडे नाव द्यावे.

– चिटणीस