मनिऑर्डरीला एकच ओळ?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला टपालाच्या इतिहासाचा लेख वाचला आणि काल दिवसभर डोक्यातून गेला नाही, म्हणून लिहायला बसले. पानभर लेख. वर सिंध डाकच्या, म्हणजे हिंदुस्थानातल्या पहिल्या टपाल तिकिटांचं मोठं चित्र, बाजूला त्या वेळचा गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीचा फोटो, राणीचं डोकं उलटं छापलं गेलेल्या चार आण्याच्या तिकिटाबद्दल वेगळी चौकट. आणि मनिऑर्डरीला? शेवटच्या परिच्छेदात एक ओळ. पुढे मनिऑर्डर, बचत बँक वगैरे सोयीही सुरू झाल्या, एवढंच. पुढच्या ओळीत लेखक परत तिकिटांच्या संग्रहाकडे वळले.

लेखक अभ्यासू आहेत, त्यांच्या तारखा बरोबर आहेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण कोल्हापुरात निघणाऱ्या पेपरात टपालाचा इतिहास छापायचा आणि त्यात मनिऑर्डर एका ओळीत उरकायची, हे मला अजिबात पटलेलं नाही. आजरा, चंदगड, गडहिंग्लज, भुदरगड या तालुक्यांतली निम्मी घरं कशावर चालत होती, हे आपल्या कचेरीत कुणालाच ठाऊक नाही का?

आधी एक गोष्ट मोकळी करते. इंग्रजांचं टपाल खातं देशभर उभं राहिलं त्या १८५४ च्या आधी आपल्याकडे टपाल अशी चीजच नव्हती, असा लेखाचा सूर आहे. पण तेव्हाही जासूद होते, सांडणीस्वार होते, सावकारांची पत्रं पोचवणारे काशीद होते. पानिपतची बातमी नानासाहेब पेशव्यांना कळली ती सावकारी पत्रातून, दोन मोत्यं गळाल्याची आणि मोहरा हरवल्याची ती भाषा आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असते. रयतेला त्याचा उपयोग नव्हता हे खरं. पण १८३७ च्या कायद्यानं कंपनी सरकारनं आपल्या मुलखात पत्रं नेण्याचा मक्ता स्वतःकडे घेतला आणि इतरांना बंदी केली, हे लेखात का नाही? त्या वेळी मुंबईहून कलकत्त्याला तोळाभर वजनाचं पत्र पाठवायला एक रुपया पडायचा. आधी दुसऱ्यांचे रस्ते बंद केले, मग १७ वर्षांनी अर्ध्या आण्यात पाव तोळ्याचं पत्र देशात कुठंही जाईल अशी सोय केली. ती सोय मोठीच होती, मी नाकारत नाही. पण ज्या डलहौसीनं १८४८ साली साताऱ्याचं राज्य खालसा केलं, त्याला रयतेच्या ख्यालीखुशालीची काळजी लागून राहिली होती असं निदान आम्हाला तरी सांगू नका. सैन्याचे हुकूम आणि वसुलीचे कागद वेळेवर पोचायला हवे होते, त्यासाठी टपाल, तार आणि रेल्वे तिन्ही एकदम हवी होती.

आणि लेखात कोल्हापूरचं नावसुद्धा नाही. ग्वाल्हेर, हैदराबाद, त्रावणकोर यांची तिकिटं आली, म्हणून त्यांच्यावर दोन परिच्छेद. आपल्या संस्थानानं टपालाची तिकिटं काढली नाहीत, इथं इंग्रजांचंच टपाल चाललं, म्हणून लिहिण्यासारखं काही उरलंच नाही का? तिकीट हाच टपालाचा इतिहास मानला की असं होतं.

ज्या १८५४ सालाचं लेखकांना एवढं कौतुक आहे, त्याच साली मुंबईत ताडदेवला पहिल्या कापड गिरणीची कंपनी उभी राहिली आणि १८५६ ला गिरणी सुरू झाली. पुढं लालबाग, परळ, भायखळा गिरण्यांनी भरून गेलं. घाटावरची आणि कोकणातली माणसं तिकडं गेली, बायकापोरं गावाकडंच राहिली. मग पगार गावाला जायचा कसा? व्यापाऱ्याला हुंडी होती, चिठ्ठी दाखवली की दुसऱ्या गावी पैसे मिळायचे. गिरणीवाल्यानं काय करायचं? कुणी गावाकडं निघालं की त्याच्या हाती द्यायचे आणि तो मधे कुठं अडकू नये म्हणून देवाला हात जोडायचे. सरकारी मनिऑर्डर होती, पण ती सरकारी खजिन्याच्या कचेरीतून मिळायची, आणि खजिना काही खेड्यात नव्हता. १८८० साली ते काम टपाल खात्याकडं आलं, तेव्हा कुठं पैसे दारापर्यंत यायला लागले. आदल्याच वर्षी पाव आण्याचं पोस्टकार्ड निघालं होतं. माझ्या मते रयतेचं टपाल खऱ्या अर्थानं या दोन वर्षांत सुरू झालं. १८५४ वर पान खर्च करणाऱ्यांनी १८७९-८० वर निदान अर्धं पान द्यायला हवं होतं.

आता माझं सांगते. गोष्ट स्वातंत्र्यानंतरची आहे, पण पद्धत इंग्रजांनी घालून दिलेलीच होती.

आमचे तात्या लालबागला गिरणीत होते. आम्ही आजऱ्याकडच्या एका खेड्यात, आजी, आई आणि आम्ही भावंडं. टपालाची पिशवी एसटीनं यायची, तिथून पोस्टमन चालत. पावसाळ्यात हिरण्यकेशीला पाणी आलं की दोन-दोन दिवस त्याचा पत्ता नसायचा. मनिऑर्डर आली की तो ओट्यावर बसायचा, चामड्याच्या पिशवीतून फॉर्म आणि नोटा काढायचा, आधी कुपन, म्हणजे फॉर्मचा निरोपाचा तुकडा, वाचून दाखवायचा. फॉर्मच्या खालच्या बाजूला मजकुरापुरती जेमतेम चार ओळींची जागा असायची, त्यात तात्यांचं सगळं पत्र बसायचं. ‘मी खुशाल आहे. आईच्या गुडघ्याला तेल आणणे. म्हैस विकू नये.’ नंतर आई अंगठा उठवायची.

अंगठा म्हटला की साक्षीदार लागायचा. साक्षीला सही करता येणारा माणूस हवा आणि आमच्या आळीत भरदुपारी असा माणूस एकच, किराणा दुकानदार. पोस्टमन दिसला की तो न बोलावता शाईचं पॅड घेऊन यायचा. किती रुपये आले ते त्याला आईच्या आधी कळायचं. साक्षीची सही झाली की खिशातून उधारीची वही निघायची, आणि पोस्टमनच्या हातातल्या नोटा आईच्या हातात पडायच्या आत त्यातल्या काही तिकडं वळायच्या. हिशेब खरा की खोटा हे कुणी बघायचं? आजीला वाचता येत नव्हतं, आईला येत नव्हतं आणि माझ्यासारख्या पोरीला मधे तोंड घालायची सोय नव्हती. पोस्टमनही चहाचे म्हणून चार-आठ आणे ठेवून घ्यायचा, पण त्याच्यावर माझा राग नाही. चिखल तुडवत तोच यायचा. राग आहे तो त्या वहीवर. आई म्हणायची, ‘पैसं माज्या हातात यायच्या आदीच त्येच्या वहीत जात्यात.’

मी तिसरी-चौथीत असताना आईनं माझी पाटी मागून घेतली. रात्री चूल विझली की ती गिरवत बसायची. तिच्या नावातल्या जोडाक्षराला पेन्सिल अडायची, तिथंच पाटीला भोक पडेल इतका जोर द्यायची. बाकी अक्षरं तिनं शिकून घेतलीच नाहीत, तेव्हा तिला हवं होतं फक्त नाव. पुढं एका मनिऑर्डरीला दुकानदार पॅड उघडून उभा आणि आईनं पोस्टमनपुढं हात केला, पेन द्या म्हणून. पोस्टमन घोटाळला. ‘बाई, आजवर अंगठा हुता की.’ आई म्हणाली, ‘अंगठा माजा हुता, सही बी माजीच हाय.’ त्यानं दिलं पेन. सही ओळीच्या वर गेली, शेवटचं अक्षर चौकटीबाहेर पडलं, पण झाली. पोस्टमननं नोटा तिच्या हातावर मोजल्या. दुकानदार तसाच थोडा वेळ उभा राहिला आणि पॅड मिटून गेला. त्या दिवशी संध्याकाळी आई स्वतः दुकानात गेली, मला सोबत घेऊन, आणि वहीतली एकेक रक्कम मला मोठ्यानं वाचायला लावली. न घेतलेला गूळ आणि न घेतलेलं रॉकेल त्यात निघालं.

मनिऑर्डरीची पोचपावती पाठवणाऱ्याकडं परत जायची, हेही लेखात नाही. त्यामुळे ती सही लालबागला तात्यांच्या हातात पोचली. पुढच्या कुपनावर त्यांनी पैशाबद्दल काही लिहिलं नव्हतं. ‘सही मिळाली. गाळ्यातल्या सर्वांना दाखविली.’

टपालाचा हा इतिहास संग्राहकाच्या अल्बममध्ये सापडत नाही. तिकिटं लोकांनी जपून ठेवली. कुपनं चुलीत गेली.

लेखात टपाल खात्याच्या विश्वासूपणाचंही फार गुणगान आहे. पोस्टमनबद्दल म्हणाल तर मान्य. सरकारबद्दल नाही. १८९८ च्या टपाल कायद्यात कुणाचंही पत्र अडवायचा अधिकार सरकारनं स्वतःकडं ठेवला होता. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी शिपायांची पत्रं सेन्सॉरची माणसं उघडून वाचत होती, तोही टपालाचाच इतिहास. आणि तो इंग्रजांबरोबर गेला असं कुणी समजू नये, २०२३ च्या नव्या टपाल कायद्यातही पत्र अडवायची तरतूद आहे.

जाता जाता दुसरी तक्रार. टपालाची थोरवी गाणाऱ्या त्या लेखाच्या खाली आपण छापलंय, ‘प्रतिक्रिया फक्त ईमेलवर पाठवाव्यात.’ वाचकांच्या पत्रांच्या सदरातूनही आपला टपालाचा पत्ता काही महिन्यांपूर्वी गायब झाला. तार २०१३ साली गेली, रजिस्टर्ड पोस्ट २०२५ साली स्पीड पोस्टात मिसळलं, त्यावर आपण हळहळ व्यक्त करणारे अग्रलेख लिहिलेत. मग आमचं हातानं लिहिलेलं पत्र घ्यायला आपली का हरकत असावी? आमच्या गल्लीत माझ्या वयाच्या कितीतरी बाया रोज पेपर शब्दन् शब्द वाचतात, त्यांना सांगण्यासारखं पुष्कळ आहे, आणि त्यांना नातवाच्या मोबाइलसाठी थांबावं लागतं. हे पत्र मी पोस्टानंच पाठवते आहे, पत्ता जुन्या अंकातून शोधून काढला.

लेखाचा दुसरा भाग पुढच्या रविवारी येणार असं दिलंय. त्यात मनिऑर्डरीला जागा द्या. आजऱ्या-चंदगडकडचे निवृत्त पोस्टमन अजून आहेत, त्यांच्याकडं आपला बातमीदार पाठवा. गिरणी कामगारांच्या घरांतून एखादं कुपन मिळालं तर राणीच्या तिकिटाऐवजी त्याचा फोटो छापा. आणि सदराखाली टपालाचा पत्ता परत द्या.

जागेअभावी पत्र कापावं लागलं तर डलहौसीचा भाग कापा. दुकानदाराचा कापू नका.

आपली,
एक जुनी वाचक
मंगळवार पेठ, कोल्हापूर