तू शिकवलेली सायकल

योतेबोरी, स्वीडन
१२ जुलै

प्रिय सु,

काल मी ४४ किलोमीटर सायकल चालवली. एवढं वाक्य लिहून मीच दोनदा वाचलं. फोनवर सांगितलं असतं तर तू तिथेच ओरडली असतीस आणि बाकीचं सगळं राहून गेलं असतं. म्हणून पत्र लिहितेय. चहा घेऊन बस, सगळं ओळीने सांगते.

पण आधी ते मैदान. पहाटे साडेपाचला, कुणी बघायच्या आत, मी सलवारीला खाली रबर लावून यायची आणि तू कॅरिअर धरून मागे पळायचीस. वय ५१. ह्यांनी दोन दिवस शिकवून पाहिलं होतं, तिसऱ्या दिवशी ‘राहू दे, तुला जमायचं नाही’ म्हणत सायकल स्टँडला लावली. ते वाक्य मला फार लागलं होतं, तुलाच सांगितलं होतं. तू मात्र सतरा दिवस आलीस. अठराव्या दिवशी तू हात कधी सोडलास हे मला कळलंच नाही. मी बोलत होते आणि उत्तर येईना म्हणून वळून पाहिलं, तर तू पार गोलपोस्टपाशी कमरेवर हात ठेवून उभी. माझं लहानपण गुहागरात, तिथे आमच्या घरापासून कुठेही निघा, पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढा नाहीतर उतरा. तरी भावाला सायकल मिळाली. मला का नाही, हे कुणी विचारलं नाही आणि मीही नाही.

तर कालचं. इथे स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्याने हेल्सिंगबोरीपासून योतेबोरीपर्यंत जवळपास ३९० किलोमीटरचा सायकलींचा मार्ग आहे, ‘कातेगतलेदेन’. ‘लेदेन’ म्हणजे वाट, आणि कातेगत हा स्वीडन-डेन्मार्कमधला समुद्र. जुन्या डच खलाशांनी त्याचं नाव मांजराचं भोक असं ठेवलं, कारण उथळ वाळूच्या दांड्यांमधून जहाज काढायला तेवढीच जागा! मार्ग २०१५ साली सुरू झाला, देशातला असा पहिलाच, म्हणून खांबाखांबावर १ आकडा. लेक म्हणाला, आई, सगळा नको, एक तुकडा करा. त्याने गाडीच्या मागे दोन सायकली बांधल्या आणि सकाळी आठला आम्हाला फाल्केनबेर्यला सोडलं. संध्याकाळी वारबेर्यला न्यायला येणार. (लिहितात बर्ग, म्हणतात बेर्य. माझ्या तोंडात अजून बसलेलं नाही.)

सायकल बघून माझ्या पोटात गोळा आला. अगं, हिचा मुख्य ब्रेक पायात! पेडल उलटं मारलं की मागचं चाक जागच्या जागी जखडतं. हँडलला फक्त पुढचा एक. आता आपली सवय आठव. थांबलं की पेडल उलटं फिरवून वर आणायचं, पाय ठेवायचा, निघायचं. तूच शिकवलंस. इथे ते फिरतच नाही. मागचं चाक हाताने जरासं उचलायचं, पेडल पुढच्या बाजूने फिरवून वर आणायचं, मग बसायचं. शिवाय सगळं उजवीकडून. पहिला अर्धा तास मी मनात ‘उजवी, उजवी’ म्हणत होते.

गावातून एक नदी वाहते, एत्रान. तिच्यावर १७६१ साली पुरा झालेला दगडी पूल आहे, तो अजून वापरात आहे. खाली सॅमन मासा धरायला माणसं गुडघाभर पाण्यात उभी होती. पूल ओलांडला, घरं मागे पडली आणि मग डावीकडे समुद्र, उजवीकडे सातूची शेतं, मध्ये आम्ही दोघं. वाटेच्या कडेने मैलभर जंगली गुलाबाची झुडपं, गडद गुलाबी, आणि वास हुबेहूब गुलकंदाच्या गुलाबाचा. हा गुलाब मूळचा इथला नाही, पूर्व आशियातून आणला आणि आता वाळूच्या टेकड्यांवरची इथली झाडं खाऊन टाकतोय. हे कळल्यावर वाईट वाटलं, पण वास घ्यायची मी काही थांबले नाही.

वारा मात्र समोरून. इथे बहुतेक वारा नैर्ऋत्येचा, म्हणून लोक दक्षिणेकडून उत्तरेला जातात, म्हणजे तो पाठीशी राहतो. काल नेमका वायव्येचा. हे म्हणाले, माझ्या मागे राहा, माझ्या चाकापासून हातभर अंतर ठेव, म्हणजे वारा लागणार नाही. आणि खरंच लागला नाही गं. सात-आठ किलोमीटर मी ह्यांची पाठच बघत होते, शर्टावर घामाचा नकाशा मोठा होत चाललेला.

ग्लोमेन म्हणून मासेमारीचं बंदर लागतं. तिथून जवळच जमिनीची एक जीभ समुद्रात गेलीय, तिच्यावर पांढरं दीपगृह, १८४३ सालचं. आजूबाजूची गवताळ जमीन पक्ष्यांसाठी राखून ठेवलेली, पिल्लांच्या दिवसांत आत जायला बंदी. आम्ही कुंपणाबाहेरून पाहिलं. काळा-पांढरा पक्षी, लांब नारिंगी चोच, शिंपले फोडून खाणारा. मी ओळखला! थंडीत आमच्या गुहागरच्या पुळणीवर हाच येतो. बाबा दाखवायचे. सडलेल्या शेवाळाचा तो खारट वाससुद्धा तोच. मी तिथे बराच वेळ उभी राहिले, ह्यांनी दोनदा हाक मारली.

आणि तिथेच पडले. निघायच्या घाईत जुनी सवय, पेडल उलटं मारलं, खडीवर चाक जखडलं आणि मी आडवी. कोपर सोललं. मागून सत्तरीच्या एक बाई सायकलवर येत होत्या, त्या लगेच उतरल्या. टोपलीतून पाण्याची बाटली काढली, जखम धुतली, पट्टी चिकटवली आणि अंगठ्याने पट्टीच्या कडा एकेक करून दाबल्या, आई दाबते तशा. माझी सायकल उभी करून हँडल सरळ आहे का तेही त्यांनीच पाहिलं. ‘हेय हेय’ म्हणाल्या आणि गेल्या. त्यांचं नाव विचारायचं राहिलं, ते आत्ता लिहिताना टोचतंय.

पुढे ह्यांचा गुडघा बोलायला लागला. आधी काही म्हणाले नाहीत. मी पाहिलं, डावा पाय नुसता फिरतोय, जोर सगळा उजव्यावर. मी बाजूला आले आणि म्हटलं, आता तुम्ही माझ्या मागे या. ते काही बोलले नाहीत, मागे आले. सु, समोरचा वारा छातीवर घेणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. कानात घोंघाट, डोळ्यांतून पाणी, मांड्या भरून आलेल्या. पण मागे त्यांच्या साखळीचा आवाज येत होता, करकर करकर, अगदी जवळून, आणि तो तुटू द्यायचा नाही एवढंच माझ्या डोक्यात होतं. दहा किलोमीटर तरी मी पुढे होते. मी अंतर मोजत बसणारी नव्हे, पण हे मोजलं.

गाल्ताबेकच्या धक्क्याजवळ गवतात बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. कुणाची जमीन म्हणून मी जरा बिचकत होते. पण इथे ‘अलेमान्सरेतेन’ आहे, सर्वांचा हक्क. कुणाच्याही माळावर, रानात चाला, रानातली फळं तोडा, एखादी रात्र तंबू ठोका. फक्त घराच्या फार जवळ नको, पिकात पाय नको, घाण नको. १९९४ पासून हा हक्क देशाच्या राज्यघटनेतही आहे. कुंपणाचा दगड हातभर सरकला म्हणून दोन पिढ्या कोर्टात जाताना आपण पाहिल्यात. माझ्या मनात तेव्हा तेच आलं.

तिथून निघालो आणि ईशान्येला क्षितिजावर सहा मनोरे दिसले, एका रांगेत, प्रत्येक १२७ मीटर उंच. हे सायकलवरून उतरलेच. हे ग्रिमेतोनचं तारायंत्र केंद्र. १९२४ मध्ये बांधून झालं, अमेरिकेला बिनतारी संदेश पाठवायला. आता ते युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. गंमत म्हणजे लहरी निर्माण करायला तिथे व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओत असायचे ते काचेचे दिवे, नाहीत, काही नाही. प्रचंड वेगाने फिरणारं एक जनित्रच लहर काढतं, १७.२ किलोहर्ट्झची. ह्यांनी लगेच हिशेब केला: ‘एक लहर १७ किलोमीटरच्या वर लांब. आजच्या आपल्या अख्ख्या वाटेत अडीच मावतील.’ नाताळच्या आदल्या सकाळी ते जुनं यंत्र अजून चालू करून मोर्समध्ये संदेश पाठवतात. तुला ठाऊक आहे, ह्यांची नोकरी तारेत सुरू झाली. २०१३ च्या जुलैत आपल्याकडची तार बंद झाली त्या रात्री हे जेवले नव्हते. काल तिथे रस्त्याच्या कडेला उभं राहून हँडलवर बोटाने टकटक करत होते. मी विचारलं, काय पाठवलंत? म्हणाले, तुझं नाव.

मग मी काही बोलले नाही.

त्रेस्लोव्हस्लेगेच्या बंदरात कॉफी घेतली आणि दालचिनीचा गोल बन. पहिला घास आणि मी थांबले. वेलदोडा! पूड नव्हे, खलबत्त्यात ओबडधोबड कुटलेला, दाताखाली काळे दाणे येतील असा, थेट पिठात मळलेला. मी इथे येऊन महिनाभर आपला वास शोधत होते, तो ह्या बनात निघाला. दोन खाल्ले, एक बांधून घेतला.

वारबेर्यचा किल्ला लांबूनच दिसतो, अगदी पाण्यावर. तेराव्या शतकाच्या शेवटी एका डॅनिश सरदाराने सुरू केलेला. हा सगळा मुलूख १६४५ पर्यंत डेन्मार्कचा होता. आतल्या संग्रहालयात १९३६ साली दलदलीत सापडलेल्या माणसाचे चौदाव्या शतकातले लोकरी कपडे आहेत, टोपीसकट शाबूत. त्यांची शिवण बघायला मला पुन्हा यायचंय, काल पाय उरले नव्हते.

आता ऐक, हे फक्त तुला. किल्ल्याच्या खालीच समुद्रात खांबांवर उभं एक लाकडी स्नानगृह आहे, घुमट आणि कोपऱ्यांना मनोरे असलेलं, १९०३ सालचं. त्याआधीची स्नानगृहं वादळात गेली. बायकांची बाजू वेगळी, पुरुषांची वेगळी. आत शेकायची खोली आणि मधोमध थेट समुद्रात उतरणाऱ्या पायऱ्या. आणि अंगावर काही घालायचं नाही. मी दारातूनच परत फिरणार होते. पण आत एक आजी होत्या, एक आई आणि तिची सात-आठ वर्षांची मुलगी, आणि एक माझ्याच वयाची बाई, जिच्या छातीवर एका बाजूला नुसता शस्त्रक्रियेचा व्रण होता. ती ऊन घेत डोळे मिटून बसली होती. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मी टॉवेल खुंटीला लावला.

फळ्यावर खडूने लिहिलं होतं, पाणी १८ अंश. सु, गुहागरात जन्मलेली मी, समुद्रात घोट्यांच्या वर कधी गेले नव्हते. साडी भिजेल, लोक बघतील, मुलींनी जायचं नाही. काल कठडा दोन्ही हातांनी धरून एकेक पायरी उतरले. गुडघे, कंबर, मग गळ्यापर्यंत. कोपरावरची पट्टी सुटली आणि मीठ झोंबलं. श्वासच निघेना. मग निघाला, मोठ्याने. त्या आजी वरून हसल्या आणि मान हलवून म्हणाल्या, ‘ब्रा!’ म्हणजे छान. मी पुन्हा बुडी मारली. कठडा मात्र सोडला नाही, सोडायचं पुढच्या वेळी.

बाहेर हे किल्ल्याच्या भिंतीला टेकून बसले होते, गुडघ्यावर थंड पाण्याची बाटली ठेवून. बांधून आणलेला बन मी अर्धा-अर्धा केला. सात वाजले होते, ऊन चारच्यासारखं. इथे आता रात्री दहापर्यंत उजेड असतो. लेक आला, सायकली रॅकवर चढवू लागला, तेव्हा हे त्याला म्हणाले, ‘आईची आधी बांध. आज तीच पुढे होती.’

आम्ही ३ ऑगस्टला निघतो, ५ ला सांगलीत. माझी सायकल तुमच्या जिन्याखाली आहे, तिच्या मागच्या चाकात हवा भरून ठेव. आणि पहाटे साडेपाचला मैदानावर नको आता, नदीकाठच्या रस्त्याला जाऊ. तुझ्यासाठी तसाच वेलदोड्याचा बन करायला शिकतेय. पहिला घाणा दगड झाला, दुसरा आज लावलाय.

तुझीच,
मी