थपडेत हरवलेला माहितीपट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला ऑस्करच्या गाजलेल्या क्षणांवरचा लेख वाचला. २०२२ सालाबद्दल त्यात एकच नोंद आहे : विल स्मिथने ख्रिस रॉकला भर समारंभात थप्पड मारली. रॉक तेव्हा रंगमंचावर कशासाठी आला होता, हे लेखात कुठेच नाही. तो आला होता सर्वोत्कृष्ट माहितीपटाचा पुरस्कार द्यायला. थप्पड खाल्ल्यावर त्याने तो दिलाही, दिग्दर्शक क्वेस्टलव्ह यांच्या 'समर ऑफ सोल'ला. दुसऱ्या दिवशी मी दोन मराठी वर्तमानपत्रं चाळली होती. थपडेचे फोटो पहिल्या पानावर, माहितीपटाचं नाव आतल्या यादीत.

मला हे जास्त लागलं, कारण हा माहितीपट मुळात दुर्लक्षाचीच गोष्ट सांगतो. १९६९च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये मोफत संगीत महोत्सव भरला. निना सिमोन, महालिया जॅक्सन, स्टीव्ही वंडर यांना ऐकायला सगळ्या कार्यक्रमांना मिळून तीनेक लाख माणसं आली, बहुतेक कृष्णवर्णीय. हॅल टल्चिन यांनी ते सगळं चित्रित केलं, पण त्यावर चित्रपट काढायला कुणी पुढे येईना. चित्रफिती जवळपास ५० वर्षं पडून राहिल्या. त्याच उन्हाळ्यातल्या वुडस्टॉक महोत्सवावरचा माहितीपट मात्र १९७० सालीच पडद्यावर आला आणि त्याला ऑस्करही मिळालं.

त्या रात्री याच गटात आणखी दोन माहितीपट होते, ज्यांची आठवण आपण तरी ठेवायला हवी होती. एक 'ॲटिका', न्यूयॉर्क राज्यातल्या ॲटिका तुरुंगात १९७१ साली झालेल्या कैद्यांच्या उठावावरचा, स्टॅन्ली नेल्सन आणि ट्रेसी करी यांचा. दुसरा आपल्या देशातला 'रायटिंग विथ फायर', उत्तर प्रदेशातल्या 'खबर लहरिया' या वृत्तमाध्यमाच्या दलित पत्रकार स्त्रियांवरचा. हार्लेम, ॲटिका आणि उत्तर प्रदेशातली खेडी एकाच यादीत आली, यावर महाराष्ट्रात अग्रलेख व्हायला हवा होता. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना. त्या नात्याची आठवण आपल्या वर्तमानपत्रांनी नाही ठेवायची, तर कुणी?

पुरवणीत तारे-तारकांना दर आठवड्याला पान मिळतं. महिन्यातून एक स्तंभ स्वतंत्रपणे काढलेल्या माहितीपटांना द्यावा, ही विनंती. सुरुवात मॅडलिन अँडरसन यांच्या 'आय ॲम समबडी'पासून करता येईल. १९६९ साली अमेरिकेतल्या चार्ल्सटन शहरातल्या रुग्णालयांतल्या कृष्णवर्णीय स्त्री-कामगारांनी संप केला, त्याची ही अर्ध्या तासाची कहाणी १९७० साली पूर्ण झाली. जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदवहीत ती पोहोचायला २०१९ साल उजाडलं. आपल्याकडे आशाताई आणि परिचारिकांचे संप होतात, त्या बायकांना ती पाहून फार काही समजावून सांगावं लागणार नाही.

आपली नियमित वाचक,
सातारा