जुन्या भाड्याच्या घरांसाठी उभ्या राहिलेल्या अभियंत्यांस

आदरणीय साहेब,
सादर नमस्कार.

पणजीच्या मळा भागातील आमच्या जुन्या इमारतीत राहणारे आम्ही सर्व भाडेकरू आपले मनःपूर्वक आभार मानतो. निवृत्तीनंतरचा वेळ खर्चून आपण छपराचा वासा न् वासा तपासलात, चुन्यात बांधलेल्या चिऱ्यांच्या भिंतींवरचा सिमेंटचा गिलावा ओल आत कोंडून धरतो हे दाखवून दिलेत आणि इमारत पाडण्याची नव्हे, तर दुरुस्तीची गरज असल्याचा लेखी अहवाल दिलात. त्यासाठी एक पैसाही घेतला नाहीत.

त्याहून मोठे साहाय्य सरकारी मदतीबाबत झाले. २०१५ च्या प्रधानमंत्री आवास योजनेत (शहरी) स्वतःचे घर बांधण्यास किंवा वाढवण्यास केंद्राकडून दीड लाख रुपये मिळत, पण जागा स्वतःची हवी. २०२४ च्या दुसऱ्या टप्प्यात भाड्याच्या घरांसाठी वेगळा घटक आहे, मात्र तो नव्या बांधकामासाठी किंवा सरकारी निधीतून बांधून रिकाम्या राहिलेल्या घरांसाठी. खाजगी मालकाच्या जुन्या इमारतीतला भाडेकरू दोन्हींत बसत नाही, हे आपण कागद पुढे ठेवून समजावलेत आणि आमचे हेलपाटे वाचले.

मुंबईत १९६९ च्या कायद्याने सुरू झालेला दुरुस्ती उपकर घेऊन, त्यात सरकारी निधीची भर घालून जुन्या इमारतींची डागडुजी केली जाते, हे आपण सांगितलेत. तिथली कामे किती रखडतात, हेही लपवले नाहीत. गोव्यातील १९६८ च्या भाडे नियंत्रण कायद्याचा आम्हाला आधार आहे, परंतु आम्ही देतो त्या भाड्यात मालकाला संपूर्ण छप्पर बदलणे परवडत नाही, ही त्यांची बाजू आपण आमच्यासमोर मांडलीत. ती ऐकणे सोपे नव्हते. दुरुस्तीच्या खर्चातील काही वाटा सरकारने उचलावा आणि त्या बदल्यात मालकाने ठरावीक वर्षे भाडे न वाढवण्याची व कोणालाही घराबाहेर न काढण्याची लेखी हमी द्यावी, ही सरकारला द्यायच्या आमच्या निवेदनातली मुख्य मागणी त्यातूनच आली, आणि म्हणूनच मालकांनीही त्यावर सही केली. आमच्यापैकी अनेकजण बाजारात आणि १८ जून रस्त्यावरच्या दुकानांत काम करतात. शहरातले घर सुटले तर रोजच्या प्रवासातच कमाईचा मोठा भाग जाईल, हे आपण जाणलेत.

निवेदन सरकारकडे सादर झाले आहे. आपल्या इच्छेनुसार त्यात आपले नाव घातलेले नाही. परंतु आपले ऋण अव्यक्त राहू नये, म्हणून हे पत्र आम्ही जाहीरपणे लिहीत आहोत.

आपले कृतज्ञ,
इमारतीतील सर्व भाडेकरू