डोक्याला मार लागलेल्या रुग्णाच्या नोंदी कागदावर हव्यात

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागलेला माणूस शुद्धीवर येऊन नीट बोलू लागला की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. खरी काळजी त्याच वेळी घ्यायची असते, हे आम्हाला फार उशिरा कळले.

गेल्या वर्षी माझा धाकटा भाऊ असाच पडला. क्षणभर त्याची शुद्ध हरपली होती. जवळच्या खासगी रुग्णालयात डाव्या कानावरच्या जखमेला चार टाके घातले आणि धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. तिथेच त्याला दोनदा उलटी झाली. ते सांगितल्यावर ‘मार लागला की होतेच’ असे उत्तर मिळाले आणि दोन तासांत घरी पाठवण्यात आले. पहाटे त्याचे घोरणे वेगळेच वाटले म्हणून त्याच्या पत्नीने दिवा लावून त्याला हलवले, पण तो जागा होईना. पापणी उचलून पाहिली, तर एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसत होती. जिल्ह्याच्या ठिकाणी शस्त्रक्रिया करून कवटी आणि मेंदूच्या आवरणामध्ये साचलेले रक्त काढले, म्हणून जीव वाचला. आज तो समोरच्या पेल्याकडे बोट दाखवतो, पण ‘पेला’ हा शब्द त्याला आठवत नाही.

कानशिलाजवळची रक्तवाहिनी फाटून असा रक्तस्राव होतो, तेव्हा रुग्ण काही तास अगदी ठीक वाटू शकतो, ही वैद्यकशास्त्राला नवी गोष्ट नाही. शुद्ध मोजण्याची ३ ते १५ गुणांची ग्लासगो पद्धत १९७४पासून रूढ आहे. सुरुवातीचे दोन तास दर अर्ध्या तासाने आणि पुढचे चार तास दर तासाला ही तपासणी करावी, असे ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचना सांगतात. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. विजेरी, घड्याळ आणि एक छापील तक्ता पुरतो.

रुग्णाची कागदपत्रे मागितल्यापासून ७२ तासांत द्यावीत, असा वैद्यकीय परिषदेचा २००२चा नियम आहे. आम्हाला एकच पान मिळाले. त्यावर टाके होते, गोळ्या होत्या; उलट्या, बाहुल्या आणि गुण यांचा उल्लेखही नव्हता. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले. डॉक्टरांची प्रत्येक चूक गुन्हा ठरत नाही, त्यासाठी घोर निष्काळजीपणा दिसावा लागतो, हा २००५चा निकालही मला योग्यच वाटतो, कारण भीतीपोटी गंभीर रुग्णांना हात न लावणारे डॉक्टर कोणालाच नको आहेत. परंतु वाजवी दक्षता घेतली होती की नाही, हे नोंदीच नसतील तर ठरवायचे कशावरून? तक्रारीसाठी मिळणारी दोन वर्षे रुग्णाला पुन्हा चालायला आणि बोलायला शिकवण्यातच निघून जातात. शिवाय ज्या डॉक्टरांनी खरोखर लक्ष दिले, त्यांचाही बचाव याच कागदावर अवलंबून असतो.

म्हणून राज्याच्या आरोग्य विभागाला विनंती आहे की, डोक्याला मार लागलेल्या प्रत्येक रुग्णाच्या निरीक्षण-तक्त्याची प्रत डिस्चार्ज कार्डासोबत देणे लहान-मोठ्या सर्व रुग्णालयांना बंधनकारक करावे. त्याबरोबरच, वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, असंबद्ध बोलणे, झटका किंवा न उतरणारी गुंगी दिसल्यास ताबडतोब परत यावे, असे सांगणारी मराठी चिठ्ठी नातेवाइकांच्या हाती द्यावी आणि ती त्यांना वाचून दाखवावी.

आपला विश्वासू,
एक वाचक