तो फोटो जुना होता बे

मनीषनगर, नागपूर
रविवार, दुपारी तीन

सुन्या,

तीन महिने झाले तुझा फोन उचलला नाही. कारण तोंडानं सांगितलं तर तू मधातच शिव्या सुरू करशील, म्हणून लिहून राहिलो. तब्येत बरी आहे, शुगर जिथं होती तिथंच, आईचा गुडघाही तिथंच. ते झालं.

आता ऐक. मे मध्ये नवीन घरी शिफ्ट झालो तेव्हा तू आपल्या जुन्या खोलीवरच्या त्या कुंडीतल्या झाडाचं विचारलं होतं, "फायकस कुठं ठेवलं?" अन् मी फोटो पाठवला होता, खिडकीजवळचा, हिरवागार, अन् तू लिहिलं होतं "पोरगं बापावर गेलं". तो फोटो जुना होता बे. प्रतापनगरच्या घरातला, दोन वर्षांपूर्वीचा. मागं ती गंजलेली जाळी दिसते, नीट पाहिलं असतं तर कळलं असतं, पण तू आजवर काय नीट पाहिलं? ज्या संध्याकाळी फोटो पाठवला त्या संध्याकाळी मी झाडाखालची सुपलीभर पानं गोळा करून राहिलो होतो. हिरवी पानं, पिवळीसुद्धा नाही. हात लावला की टपटप.

चूक माझीच. भर दुपारी उघड्या टेम्पोत आणलं, गाद्या अन् कपाटाच्या मधात, वरून लू. प्रज्ञा म्हणत होती चादर तरी गुंडाळ, मी म्हटलं नागपूरचं झाड आहे, २०१३ च्या मे मध्ये पारा ४७.९ वर गेला होता तेव्हा एक पान पडलं नाही याचं. पण तेव्हा ते आपल्या कोपऱ्यात होतं ना, पूर्वेच्या खिडकीशी, वर्षानुवर्षं एकाच जागी. या फायकस बेंजामिना जातीचं तसंच असतं, जागा हलली की रुसते. जास्त उजेडात तयार झालेली पानं कमी उजेडात त्याला परवडत नाहीत, मग टाकून देते अन् नवीन उजेडाच्या हिशोबानं नवीन काढते. हे मला आता कळलं. तेव्हा मी काय केलं? हॉलमधे पश्चिमेच्या भिंतीला लावलं, बरोब्बर कूलरसमोर. वाटलं गार, ओलसर वारा आहे, खसचा वास आहे, मजेत राहील. त्याला तो सतत अंगावर येणारा झोत बिलकुल चालत नाही म्हणे.

मग पानं पडायला लागली तसं मी पाणी घातलं. अजून पडली, अजून घातलं. एक दिवस कुंडीजवळ नालीसारखा वास आला तेव्हा खालची थाळी उचलली तर तीत तांब्याभर पाणी साचलेलं. मुळं कुजायला लागली की ती पाणी ओढत नाहीत, मग पान सुकतं, आपल्याला वाटतं तहान लागली अन् आपण अजून ओततो. तू दोन हजार सहामधे हेच बोंबलत होता, "माती बोटानं पाह्य, कोरडी लागली तरच घाल", अन् मी म्हटलं होतं तू आंघोळही त्याच नियमानं करतो काय. मान्य, तू बरोबर होता. हे वाक्य जपून ठेव, पुन्हा मिळणार नाही.

पण ते नासाचं नाव घेऊन झाड खोलीतली हवा साफ करते म्हणायचा, ते मात्र बरोबर नाही हं! १९८९ चा नासाचा तो अभ्यास, झाडं हवा साफ करतात वाला, तो बंद पेटीत केला होता. आपल्या खोलीच्या दाराखालून उंदीर येत होता. तू तिथं दिवसाला दहा सिगारेटी ओढायचा अन् झाडाकडे बोट दाखवायचा, "तो पाहून घेईल". त्यानं वीस वर्षांपूर्वीच पानं टाकायला पाहिजे होती.

वटपौर्णिमेची गंमत तर राहिलीच. खालच्या मजल्यावरच्या काकू आईकडे आल्या होत्या, आईनं सहज सांगितलं हे वडाच्याच जातकुळीतलं, पिंपळ, उंबर सगळे भाऊबंद. झालं. दुसऱ्या दिवशी काकू ताट घेऊन हजर, गुडघे दुखतात, मोठ्या वडापर्यंत जाववत नाही म्हणे. अन् त्या काड्यांभोवती सात फेरे मारले, कूलरची वायर ओलांडत ओलांडत. सूत अजून तसंच आहे, तोडायची माझी हिंमत झाली नाही. आई म्हणते नवऱ्याचं सोड, आधी झाडाचंच आयुष्य माग.

रात्री मी टॉर्च घेऊन त्याच्यापाशी बसायचो. हसू नको. प्रज्ञाला वाटलं बँकेचा हप्ता डोक्यात आहे. खरं म्हणजे मला राहून राहून वाटत होतं की सुन्याला काय सांगू, त्या खोलीतलं एवढंच तर उरलं आपल्याजवळ, सायकली गेल्या, स्टोव्ह गेला, घरमालकानं ती खोलीही पाडली. शेवटी नर्सरीवाल्याकडे गेलो. तो म्हणे, "भाऊ, तुमी त्याले लय जीव लावून राहिले, सोडा थोडे दिवस." मग खोडाची साल नखानं जराशी खरवडायला सांगितली. घरी येऊन खरवडली तर आत हिरवं होतं, ओलं, अन् पांढरा चीक आला, बोटाला चिकटला, दुसऱ्या दिवशी तिथं खाज. खाजवत खाजवत ऑफिसला गेलो, खूश होतो.

आता कुंडी बदलली, खाली भोक मोठं केलं, काळी पडलेली मुळं कापून टाकली, खत बंद. बाल्कनीच्या दाराशी ठेवलं, सकाळचा उजेड येतो, अन् तिथून हलवायचं नाही असा घरात कायदा केला. पोरानं क्रिकेट खेळताना हलवलं तर जेवण बंद.

तुझं काय? पोरीचं ॲडमिशन झालं ऐकलं, अभिनंदन. वहिनींची बदली रद्द झाली का? सिगारेट सोडली म्हणे, किती दिवस टिकते पाहू. पुण्यात "बे" म्हणतो का अजून की सुधरला?

आजचा फोटो सोबत पाठवून राहिलो, खराखुरा. सुताच्या वर, डाव्या फांदीच्या टोकाला झूम करून पाह्य, पोपटी, टोकदार, तांदळाएवढं काहीतरी दिसेल. तसे आठ आहेत. नवव्याबद्दल प्रज्ञाचं अन् माझं एकमत नाही, ती म्हणते धूळ आहे.

पोळ्याला ये. दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक पाहू, मग महाल भागात तर्री पोहे खाऊ. अन् हो, झाड एकशेवीसचं होतं, अर्धे तू देणार होता, आजवर दिले नाही. म्हणजे तसं पाहिलं तर मी माझ्याच झाडाबद्दल खोटं बोललो. तरी येताना साठ रुपये आण, सुट्टे.

दिप्या