डॉली पार्टन यांचा मोलाचा नकार

महोदय,

परदेशी कलावंतांवरील लेखांत बहुधा पुरस्कारांची जंत्रीच असते. अमेरिकी कंट्री संगीतातील (तिथल्या ग्रामीण भागातील लोकसंगीतातून आलेल्या प्रकारातील) गायिका-गीतकार डॉली पार्टन यांच्याबाबतीत मात्र तेवढ्याने भागत नाही. टेनेसीच्या डोंगराळ भागात, बारा भावंडांच्या गरीब घरात 1946 मध्ये जन्मलेल्या डॉलीबाई 1964 मध्ये शाळा संपताच कंट्री संगीताचे केंद्र असलेल्या नॅशव्हिल शहरात गेल्या आणि 1967 पासून कंट्री गायक पोर्टर वॅगनर यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमामुळे घराघरांत पोहोचल्या. वॅगनर यांची साथ सोडताना निरोपादाखल लिहिलेले ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ 1974 मध्ये कंट्री गीतांच्या यादीत अव्वल ठरले. हे गीत गाण्याची इच्छा खुद्द रॉक अँड रोलचे विख्यात गायक एल्विस प्रेस्ली यांना होती. परंतु त्यांच्या व्यवस्थापकाने गीताच्या प्रकाशन हक्कांतील (म्हणजे त्यातून मिळणाऱ्या स्वामित्वधनातील) निम्मा वाटा मागताच, रडू कोसळले तरी, डॉलीबाईंनी नकार दिला. पुढे 1992 च्या अखेरीपासून पॉप गायिका व्हिटनी ह्यूस्टन यांच्या आवाजातील तेच गाणे अमेरिकेत सलग 14 आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले, तेव्हा त्याचे स्वामित्वधन मूळ लेखिकेलाच मिळाले. 1999 मध्ये कंट्री म्युझिक आणि 2022 मध्ये रॉक अँड रोल या दोन्ही ‘हॉल ऑफ फेम’चे (मान्यवरांच्या नामावलीतील स्थानाचे) मान आलेच, तरी माझ्या मते या कारकिर्दीतील सर्वांत मोठा टप्पा तो नकारच होय. आपल्या पुरवणीत त्याविषयी सविस्तर लिहिले जावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सातारा